‘नस दबली’ म्हणजे नेमकं काय दबलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी सोलापुरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. चेतासंस्थेचा धडा तीनदा वाचला, आकृत्या डोळे मिटून काढता येतात, पण कशाचा कशाशी काय संबंध ते कळत नाही. आई विड्या वळते. तिच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, उठून हात झटकावा लागतो. शेजारच्यांनी ‘मानेची नस दबलीय’ म्हणून दोन महिने मानेला पट्टा लावायला लावला. मामा म्हणतात, हाताला रक्तच पोचत नाही. मग नस म्हणजे रक्ताची नळी की मज्जातंतू? आणि हा धडा डोक्यात बसवायचा कसा?

तुला अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे आणि तीही याच धड्यापाशी अडली होती. तुझे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत, म्हणून आईच्या हातापासूनच सुरुवात करू.

आधी शब्दाचा घोळ. सोलापूरच्या पूर्व भागात मी अठ्ठावीस वर्षं दवाखाना चालवतोय. एका सकाळी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे पेशंट येऊन जातात आणि चारही भाषांत हा घोळ सारखाच आहे. मराठी-उर्दूत नस, तेलुगूत नरं, कन्नडात नर. पायावरच्या फुगलेल्या निळ्या रेषा दाखवताना माणूस म्हणतो ‘नसा फुगल्या’. झोपेत पोटरीत गोळा आला की ‘नस चढली’. कमरेतून पायात चमक गेली की ‘नस दबली’. यातली पहिली शीर, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी नळी. दुसरा स्नायू. तिसरी तेवढी चेता, जिला आपण मज्जातंतू म्हणतो. पेशंटला हसू नकोस, कारण ग्रीकांचंही तेच झालं होतं. ‘न्यूरॉन’ या त्यांच्या शब्दाचा मूळ अर्थ स्नायूचा दोर, कंडरा. आणि हिंदी नोट्स वाचत असशील तर जपून. हिंदीत ‘स्नायु तंत्र’ म्हणजे चेतासंस्था आणि आपल्या मराठीत स्नायू म्हणजे मसल. दरवर्षी कुणीतरी त्यात आपटतं.

चेता पोकळ नसते. पांढरट-पिवळसर दोरी असते, आत हजारो बारीक तंतू, जुडग्या-जुडग्यांनी बांधलेले. कमरेतून पायात उतरणारी सायटिक चेता सुरुवातीला अंगठ्याएवढी जाड असते. तेव्हा मामांना सांग, मुंग्या येणं आणि रक्त न पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हाताला रक्त कमी पोचत असेल तर हात गार पडतो, फिका पडतो, मनगटाची नाडी मंद लागते. आईचा हात रात्री गरम असतो ना? मग झालं.

आता धडा. पुस्तक मेंदूपासून सुरू होतं आणि बोटांपर्यंत येईस्तोवर विद्यार्थ्याचा जीव जातो. तू उलटी जा, बोटापासून मेंदूकडे. तुमच्या गल्लीत यंत्रमाग असतीलच. कापडात दोष दिसला की चांगला कारागीर कापडाकडे बघत बसत नाही. धागा मागे मागे नेतो, फणीत तुटलाय की बीमवरच गाठ आहे ते बघतो. आम्हीही तेच करतो. ‘काय झालंय’ हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न ‘कुठं झालंय’. चेतासंस्थेतल्या बहुतेक आजारांचं अर्धं निदान या एका प्रश्नात होतं, आणि त्याला मशीन लागत नाही.

आई तेंदूचं पान बोटांत धरते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते. पानाची कड बोटाच्या टोकाला लागते तेव्हा त्वचेतल्या टोकांना स्पर्श कळतो. ही टोकं म्हणजे एका चेतापेशीच्या लांबच लांब शेपटाचा शेवट. पेशीचं मूळ शरीर बोटात नसतंच, ते मानेच्या मणक्याशेजारी एका छोट्या गाठीत बसलेलं असतं. म्हणजे एकच पेशी मानेपासून बोटाच्या टोकापर्यंत पसरलेली. पायाची असेल तर कमरेपासून अंगठ्यापर्यंत, मीटरभर. ही लांबी नीट लक्षात ठेव, पुढे मधुमेहात कामाला येईल.

बोटातून निघालेला तंतू मनगटातून जातो. मनगटात एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडं, वर जाड पट्टा. त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यात दाटीवाटीनं एक चेता, मीडियन. दिवसाला आठशे-हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या मनगटात कंडरांच्या आवरणाला सूज येते. हाडं सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही, मग दाब येतो तो मऊ चेतेवर. ही चेता अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही. करंगळीची चेता, अल्नर, कोपराच्या मागच्या खोबणीतून येते. कोपर दारावर आपटलं की करंट लागल्यासारखं करंगळीत जातं, ती हीच. (कुष्ठरोगात याच जागी ती दोरीसारखी जाड हाताला लागते. वॉर्डात संधी मिळाली तर बोटं फिरवून बघ, एकदा लागलेली विसरत नाही.)

पुढे हे तंतू दंडातून, काखेतून, गळ्याच्या बाजूच्या जाळ्यातून मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांत शिरतात. तिथे गादी सरकून मूळ दाबलं गेलं तरी मुंग्या येतातच, पण त्यांचा नकाशा वेगळा. सहाव्या मुळाचा दाब अंगठा-तर्जनीकडे जातो, सातव्याचा मधल्या बोटाकडे, आठव्याचा करंगळीकडे. सोबत मान दुखते, मान वळवली की खांद्यापासून खाली चमक जाते. रात्री झोपेतून उठवून हात झटकायला लावणं हे मनगटाचं लक्षण. म्हणून तुझ्या आईला पहिला प्रश्न हा: करंगळीला मुंग्या येतात का? ‘सगळ्या हाताला’ असं उत्तर येईल. तेव्हा तिला सांग, आज रात्री जाग आली की दिव्याखाली एकेक बोट चाचपून बघ. माझ्या सुरुवातीच्या काळात ‘सगळा हात’ हे उत्तर मी मान्य केलं आणि एका बाईला चार महिने मानेची औषधं दिली. त्यात तिच्या अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट झाला. तेव्हापासून मी बोटं एकेक मोजतो.

पेशंटचे शब्दही ऐकायला शिक. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, आग, चमक, कळ, ठणका, टोचणी. मुंग्या म्हणजे तंतू जिवंत आहे पण चिडलाय. बधिरपणा म्हणजे निरोपच येत नाही. चमक बहुधा मुळाची. तळव्यांची आग बहुधा बारीक तंतूंची. मांडी घालून जेवायला बसल्यावर पाय बधीर होतो आणि उठल्यावर मुंग्यांचं वारूळ फुटतं, तेव्हा हे दोन्ही टप्पे आपण स्वतःच अनुभवतो. दाब असेपर्यंत मुकेपणा, दाब सुटला की गोंगाट.

कळ आणि ठणका हे तर शरीरशास्त्राचे दोन प्रश्नच आहेत. उंबऱ्याला ठेच लागली की आधी झटकन कळ येते. सेकंदभराची उसंत, मग ठणका. हा भास नाही. दुखण्याचा निरोप दोन प्रकारच्या तंतूंनी जातो. एकावर मायलिनचं पातळ वेष्टन असतं, तो सेकंदाला ५ ते ३० मीटर पळतो. दुसरा उघडा, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण बाजारात फिरतो त्या चालीनं. अंगठा ते मेंदू दीड मीटर धर आणि भागाकार कर, उसंतीचं उत्तर तुलाच मिळेल. सर्वांत जाड, पूर्ण वेष्टनवाले तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातात. ते स्नायूंचे आणि सांध्यांच्या जाणिवेचे.

इथे जरा थांबू, कारण ‘चेता म्हणजे विजेची तार’ ही उपमा सगळे देतात आणि तीच धडा बिघडवते. तारेत वीज वाहते. चेतेत तशी काही वाहत नाही. शांत बसलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतात. हे कसं टिकतं? भिंतीत पंप आहेत. ते तीन सोडियम बाहेर फेकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात, अहोरात्र. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो ऑक्सिजन खातो वीस टक्के. त्यातला मोठा वाटा या पंपांचाच. धरणात पाणी साठवून ठेवलंय असं समज. धक्का बसला आणि व्होल्टेज उणे ५५ च्या आसपास आलं की सोडियमचे दरवाजे उघडतात, सोडियम आत घुसतो, क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच ते दरवाजे मिटतात, पोटॅशियम बाहेर जातो, पेशी पुन्हा उणे होते. सगळा खेळ एका मिलिसेकंदाचा. पण या उलथापालथीनं शेजारचे दरवाजे उघडतात, त्यांनी त्यांच्या शेजारचे. निरोप सरकतो तो असा. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत मागून धक्का आला की माणसं जागेवरच असतात आणि धक्का पुढे जातो ना, तसा. वेष्टन असलं की दरवाजे फक्त मधल्या उघड्या सांध्यांवर असतात, निरोप एका सांध्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, म्हणून वेग.

आणि धक्का ‘अर्धा’ नसतो. एकतर पूर्ण जातो, नाहीतर जातच नाही. मग जोरात दुखलं आणि हळू दुखलं हे मेंदूला कळतं कसं? एका सेकंदात किती धक्के आले आणि किती तंतूंतून आले, यावरून.

दाताच्या डॉक्टरांचं भुलीचं इंजेक्शन याच सोडियमच्या दरवाजांना कुलूप घालतं. आईच्या मनगटात जे बिघडतं ते बहुधा वेष्टन. म्हणून नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये कोपरापासून मनगटापर्यंत वेग ठीक दिसतो आणि मनगटाच्या बोगद्यात मंदावतो. मशीन तेच सांगतं जे करंगळीनं आधीच सांगितलेलं असतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात साथ आली तेव्हा जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) हे नाव घराघरांत पोचलं. त्यातही बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्ती याच वेष्टनावर उलटते. पायांतली ताकद जाते, ती वर चढत येते, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही.

मणक्यात शिरल्यावर काय होतं ते भाकरीच्या तव्यावर शिकावं. बोट तव्याला लागतं आणि हात मागे येतो. ‘भाजलं!’ हे नंतर कळतं. कारण निरोप मेरुरज्जूत पोचताच तिथूनच उलट पावली हुकूम सुटतो, मेंदूकडे फक्त खबर जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया. गुडघ्यावरची हातोडी म्हणजे त्याच रस्त्याची तपासणी, फक्त आणखी आखूड: आत जाणारा एक तंतू, बाहेर येणारा एक, मध्ये दोन पेशींचा एकच सांधा. पाय उडालाच नाही तर बिघाड या आखूड रस्त्यात. पाय जास्तच उडाला तर बिघाड वर, मेंदूत किंवा रज्जूत, कारण वरचा लगाम सुटलाय. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी तपासणी मला दुसरी माहीत नाही.

मेरुरज्जू पुरुषात सुमारे ४५ सेंटिमीटर, बायकांत जरा कमी. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. मानेच्या ८, पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. पाठांतर तेवढंच कर. महत्त्वाचं हे की रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली नुसती मुळं लोंबतात, घोड्याच्या शेपटासारखी. सिझेरियनचं मणक्यातलं इंजेक्शन त्याच्याही खाली देतात, सुई पाण्यातल्या दोऱ्यांमधून जावी तशी मुळांमधून जाते. ‘त्या सुईनं माझी कंबर कायमची गेली’ असं सांगणाऱ्या बायका तुला वॉर्डात रोज भेटतील. कंबर दुखते हे खरं, पण गरोदरपण, पोराला कडेवर घेणं आणि जमिनीवर बसून तासन्‌तास काम यांचा हिशेब कुणी करत नाही. त्यांना हे शांतपणे सांगायचं काम तुझंच असेल.

आता सांधा. मला विचारशील तर धड्यातला सर्वांत रसाळ भाग हा, आणि आपल्या जिल्ह्यात जीव वाचवणाराही. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजारो पट बारीक. धक्का फटीपाशी येऊन थांबतो आणि पलीकडे रसायन सोडतो. हे १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेता चेतवून ते मंद केलं, त्याच्या भोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेही मंद झालं. चेता जोडलेली नसताना! द्रवात काहीतरी होतं. ते अ‍ॅसिटिलकोलीन.

हेच रसायन चेता आणि स्नायू यांच्या फटीत काम करतं. पलीकडे कुलूप, ही किल्ली. किल्ली फिरली, स्नायू आखडला, आणि लगेच एक विकर (एन्झाइम) येऊन किल्ली मोडून टाकतं, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांत फवारली जाणारी ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकं या विकराला निकामी करतात. मग किल्ल्यांचा ढीग साचतो. पेशंट येतो तो लाळ गळत, डोळ्यांतून पाणी, अंग घामानं थबथबलेलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, छातीत घरघर, मांड्यांचे स्नायू त्वचेखाली थडथड उडतायत. हे सगळं पाठ करायची गरज नाही, ‘अ‍ॅसिटिलकोलीन जास्त झालं’ एवढ्यावरून एकेक लक्षण काढता येतं. अ‍ॅट्रोपिन का देतात? ते ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिकांवरची कुलपं झाकतं. स्नायूंवरची झाकत नाही, म्हणून घरघर थांबली तरी श्वासाचे स्नायू थकतायत का यावर नजर ठेवावीच लागते. आणि कपडे काढून अंग धुणं आधी, कारण विष कातडीतून आत जातच असतं.

नाग आणि मण्यार याच फटीवर हल्ला करतात, पण उलट्या दिशेनं. नागाचं विष पलीकडच्या कुलपात काडी घालून ठेवतं. मण्यारीचं विष अलीकडचं किल्ल्यांचं कोठारच नासवतं. दोन्हींत पापण्या आधी खाली येतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जखम दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून आणलेल्या माणसाच्या पापण्या अर्ध्यावर असल्या तर पोटाकडे बघत बसू नका.

आणि तुझ्या घरातली एक गंमत. त्या कुलपांच्या एका जातीला निकोटिनी म्हणतात, कारण तंबाखूतलं निकोटिन त्यांत बरोबर बसतं. आईच्या मांडीवरच्या सुपात जे आहे ते या धड्यातच आहे. कातडीतूनही ते थोडं शोषलं जातं, म्हणून नवीन पोरींना पहिल्या दिवसांत मळमळतं, चक्कर येते.

रस्ता वर नेऊ. स्पर्शाचे तंतू रज्जूत त्याच बाजूनं चढतात आणि मेंदूच्या देठात, मस्तिष्कपुच्छात, बाजू बदलतात. दुखणं आणि गरम-गार मात्र रज्जूत शिरल्या-शिरल्या पलीकडे जातं. खाली येणारे हुकुमाचे तंतूही बहुतेक मस्तिष्कपुच्छातच ओलांडतात. म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की उजवं अंग जातं, आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यांत बहुतेकांची वाचाही, कारण भाषा डावीकडे राहते.

आपल्याकडे म्हणतात ‘अंगावरून वारं गेलं’. वारं नसतं, मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त थांबलेलं असतं. मोठी नळी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. मालिशवाल्याकडे गेलेला अर्धा दिवस परत मिळत नाही. पण तोंड वाकडं झालेला प्रत्येक जण लकव्याचा नसतो. कपाळाला आठ्या घालायला सांग. खालचं तोंड वाकडं आणि आठ्या दोन्हीकडे पडतात, तर बिघाड मेंदूत, कारण कपाळाला दोन्ही मेंदूंकडून हुकूम येतो. आठ्याही गेल्या, डोळाही मिटत नाही, तर बहुधा थेट मेंदूतून निघणाऱ्या बारा कपालीय चेतांपैकी सातवी सुजलीय. ती बहुतेकांची बरी होते, फक्त उघड्या डोळ्याला जपावं लागतं. अर्थात आठ्या घालून बघणं हे डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर. घरी बसून नव्हे.

मेंदूचे बाकीचे भाग पुस्तकात ठीक दिलेत, मी भरभर जातो. वजन १३००-१४०० ग्रॅम. चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. त्यातल्या १,६०० कोटीच मोठ्या मेंदूच्या सालीत, आणि ६,९०० कोटी मागच्या लहानशा अनुमस्तिष्कात, हे ऐकून विद्यार्थी दचकतात. एवढ्या पेशी तिथे करतात काय? सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाकडे बघ. उंच, जड काठी कमरेच्या आधारावर, बाराबंदी घातलेली, गर्दीतून वाट काढत चाललाय. काठी तसूभर कलली की पायाचे, पोटाचे, खांद्याचे स्नायू आपोआप सावरतात. डोळे, कानातला तोल सांभाळणारा भाग आणि सांध्यांतून येणारी जाणीव, तिन्हींचा हिशेब अनुमस्तिष्क जुळवतं. यात्रेआधी सराव करतात तो हातांचा कमी आणि त्या पेशींचा जास्त. दारू याच भागाला लवकर पकडते, म्हणून रविवारी रात्री सरळ चालता येत नाही.

चेतापेशी गप्प झाल्या की वारं जातं, आणि एकदम सगळ्या मिळून ओरडल्या की फिट येते. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्ये वारले, वय फक्त ३२. त्यांना अपस्माराचे झटके येत, त्यातच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहिलं असशील. आज त्या आजाराला चांगल्या गोळ्या आहेत आणि तरी लोक नाकाला चप्पल आणि कांदा लावतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो, श्रेय चप्पल घेऊन जाते. कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेला तर रुग्णालय.

आपल्या हुकुमाविना चालणारी संस्था, स्वायत्त चेतासंस्था, हिचे दोन हात: अनुकंपी धावपळीचा, परानुकंपी विश्रांतीचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग अनुकंपी चेतांमार्फत घाम काढतो. परीक्षेला हमखास येणारा अपवाद इथेच: अनुकंपी असूनही घामाच्या ग्रंथींवर रसायन अ‍ॅसिटिलकोलीनच. आठवतोय ना तो फवारणीचा पेशंट, घामानं थबथबलेला? तेच कारण. उन्हातून आलेला माणूस तापलेला आणि असंबद्ध बोलत असेल तर तो नुसता थकलेला नाही, त्याला उष्माघात झालाय. आधी पाणी, वारा, बर्फानं अंग थंड करायचं.

मधुमेहाची लांबीची गोष्ट राहिली. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी हार मानतात, कारण मूळ पेशीपासून मीटरभर अंतरावर रसद पोचवायची असते. म्हणून बिघाड दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होतो, मोज्यासारखा वर चढतो, गुडघ्याशी आला की हातांच्या बोटांत. पेशंट सांगतो, ‘चप्पल कधी निसटली कळलंच नाही.’ हे वाक्य ऐकलंस की तळवा उलटा करून बघ. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं आणि शाकाहारी माणसांचं बी१२ ही तपासावं, तेही असंच दिसतं आणि ते भरून काढता येतं.

आता आईकडे. रात्री बोटं मोजून झाली की दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, बोटं जमिनीकडे करून, मनगटं वाकवून मिनिटभर धरायला सांग. मुंग्या आल्या आणि करंगळी मोकळी राहिली तर मनगट जवळजवळ नक्की. मग झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे, आणि साखर व थायरॉइड तपासून घ्या, कारण दोन्हींत हा बोगदा दाटतो. नाही भागलं तर बोगद्यात इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया. तळहाताची कातडी बधीर नसेल तर घाबरू नकोस, तिची फांदी बोगद्याच्या वरून जाते.

मानेचा पट्टा मात्र एका गोष्टीची खात्री करून मगच बाजूला ठेव. ती चालताना अडखळते का, पाय ताठर वाटतात का, जंपरची बटणं लावायला वेळ लागतो का, लघवीवर ताबा कमी झालाय का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर मानेत रज्जूच दाबला जात असेल, मग त्याच आठवड्यात मानेचा एमआरआय. सगळी ‘नाही’ असतील तर तिचा अंगठा बघ. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्यांच्या मुळाचे उंचवटे ताडून पाहा. उजवा सपाट दिसला तर पट्टीची वाट बघू नका, सरळ दाखवा.